समुद्राजवळच्या घरासाठी टिकाऊ सोलर पॅनल : काय बघून घ्यावेत?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी,

आमचं घर दापोली तालुक्यात, किनाऱ्यापासून पाचेकशे मीटर आत. मधे सुरूचं बन आणि शेजाऱ्यांची दोन आगरं. चिऱ्याचं घर, वर स्लॅब, दक्षिण बाजू मोकळी. पीएम सूर्यघर योजनेतून (घरगुती सोलरला केंद्र सरकारचं अनुदान देणारी) तीन किलोवॅटचं सोलर बसवायचं ठरलं आहे.

तीन ठिकाणची कोटेशनं आणली. तिघांचंही म्हणणं एकच, "पंचवीस वर्षं बघायला नको." माझा यावर विश्वास बसत नाही. आमच्याकडे खिडकीचे गज वेळेवर रंगवले नाहीत तर पापुद्रे सुटतात, शेडचे नटबोल्ट चिमटीत चुरा होतात. त्याच वाऱ्यात पाव शतक उभी राहायची वस्तू विक्रेत्याच्या शब्दावर घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

पहिलं कोटेशन मोनो पर्क पॅनल (वीज बनवणाऱ्या सेलचा जुना, रुळलेला प्रकार) आणि साध्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) स्ट्रक्चरचं. दुसरं टॉपकॉन (सेलचा त्याहून नवा प्रकार), दोन्ही बाजूंनी काच, हॉट डिप स्ट्रक्चर (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं), आणि बऱ्यापैकी महाग. तिसरं सगळ्यात स्वस्त, पण त्यात पॅनलचं मॉडेलच लिहिलेलं नाही.

किनारपट्टीवर ज्यांचं सोलर काही पावसाळे जुनं आहे त्यांनी कृपया लिहा. आधी काय खराब झालं? घेताना काय विचारायला हवं होतं असं आता वाटतं? जाहिराती नकोत.

प्राची_ठाणे
वाचतेय. आमच्या श्रीवर्धनच्या घरासाठी हाच प्रश्न आहे.

तारवाला
खाडीकाठ, मी रायगड-रत्नागिरी पट्ट्यात सोलरची बसवणी आणि दुरुस्ती करतो, त्यामुळे रोज पाहतो ते सांगतो.

समुद्राजवळ काच आणि सेल सगळ्यात शेवटी जातात. आधी जातात नटबोल्ट. मग स्ट्रक्चरचे सांधे, त्यातही जागेवर वेल्डिंग करून वर चंदेरी रंग फासलेले. मग कनेक्टर, मग इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची डीसी वीज घरात चालणारी एसी करणारं यंत्र. पॅनलची पंचवीस वर्षांची वॉरंटी खरी असली तरी तो ज्यावर उभा आहे त्याला कुणी पंचवीस वर्षं लिहून देत नाही.

हर्णै बाजूला एका घरी युनिट कमी पडतात म्हणून बोलावलं होतं. वरून पॅनल चकचकीत. मागे वाकून पाहिलं तर एमसीफोर कनेक्टरची (पॅनलच्या तारा जोडणाऱ्या) एक जोडी काळवंडलेली. उघडली तर आत तांब्यावर हिरवा थर, पिन बोटाने हलवली तर तुटून हातात आली. कनेक्टरचा नर एका कंपनीचा, मादी दुसऱ्या कंपनीची. बसतात म्हणून जोडून दिलेले. केसाएवढी फट राहिली की खारी दमट हवा आत शिरते, जोड तापतो आणि एक दिवस जळतो. तिथे आग लागायचीच बाकी होती.

म्हणून कोटेशनमध्ये हे लिहून घ्या. स्ट्रक्चर हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, जस्ताचा थर ८० मायक्रॉनच्या खाली नको, आणि कापणं, भोकं पाडणं, वेल्डिंग सगळं गॅल्व्हनाइझिंगच्या आधी झालेलं हवं. जागेवर फक्त बोल्टने जोडणी. बाजारात 'जीआय' म्हणून मिळणारी पातळ चौकोनी पाइप आधीच मुलामा दिलेल्या पत्र्याची असते, तिचा थर फारच कमी असतो. नटबोल्ट स्टेनलेस स्टीलच्या ३०४ प्रतीचे, तुमच्याइतके जवळ असाल तर ३१६ चे, ते खाऱ्या हवेत जास्त टिकतात. डीसी केबल टिन केलेल्या (कथिलाचा मुलामा दिलेल्या) तांब्याची. सगळे कनेक्टर एकाच कंपनीचे.

पॅनलची फ्रेम अॅल्युमिनियमची आणि खालचा सांगाडा लोखंडाचा असेल तर मधे रबराचे किंवा नायलॉनचे वॉशर घालायला सांगा. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलीत चिकटून राहिले की एक दुसऱ्याला खातो. क्लॅम्पच्या (पॅनल धरणाऱ्या चापाच्या) कडेला पांढरी पूड दिसायला लागली की समजायचं, सुरुवात झाली.

सूर्यफूल
तारवाला यांच्याशी सहमत, पण पॅनलची निवड इतकी दुय्यम नाही. मी टॉपकॉनच्या बाजूने आहे.

पर्क पॅनल पहिल्या वर्षी साधारण २ टक्के क्षमता गमावतो आणि पुढे दरवर्षी ०.५ ते ०.५५ टक्के. टॉपकॉनमध्ये पहिल्या वर्षी १ टक्का, पुढे ०.४ टक्के. म्हणून पर्कला २५ वर्षांनी ८४-८५ टक्क्यांची हमी मिळते आणि टॉपकॉनला ३० वर्षांनी ८७ टक्क्यांची. उष्णतेतही फरक आहे. पॅनल २५ अंशांच्या वर गेला की दर अंशाला पर्क सुमारे ०.३५ टक्के पडतो, टॉपकॉन ०.३ च्या आसपास. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी पॅनल साठ अंशांच्या वर सहज जातो.

ओहोटी
मी पॅनलच्या तपासणीच्या क्षेत्रात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सूर्यफूल यांचे आकडे डेटाशीटप्रमाणे (कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकाप्रमाणे) बरोबर आहेत. पण टॉपकॉन सेल ओलाव्याला पर्कपेक्षा नाजूक असतो. त्याच्यामागे प्लॅस्टिकचा पडदा असेल आणि आत साधं ईव्हीए (सेलभोवती भरायचं प्लॅस्टिक) भरलेलं असेल तर दमट हवेत तो लवकर उतरू शकतो. ईव्हीएमध्ये ओल शिरली की त्यातून अॅसेटिक अॅसिड सुटतं आणि ते सेलवरच्या चांदीच्या रेषा खातं. त्यामुळे कोकणात टॉपकॉन घ्यायचा तर दोन्ही बाजूंनी काचेचाच घ्यावा, आणि आत पीओई (ओल कमी शिरू देणारं प्लॅस्टिक) किंवा ईव्हीए-पीओई असा मिश्र थर आहे का ते विचारावं. नुसतं 'टॉपकॉन' ऐकून पैसे देऊ नयेत.

मागचा प्लॅस्टिकचा पडदा, म्हणजे बॅकशीट, हा पॅनलचा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. पॉलिअमाइडच्या बॅकशीटना काही वर्षांतच तडे गेल्याचं जगभर दिसलं आहे. तडा गेला की पावसात गळती प्रवाह सुटतो आणि इन्व्हर्टर सकाळी चालूच होत नाही. काचेला हा प्रश्न नाही.

आता प्रमाणपत्रं. आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत मानकं) ६१२१५ आणि ६१७३० प्रत्येक बऱ्या पॅनलला असतातच. ६१२१५ मध्ये पॅनल ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास ठेवतात. ऐकायला कठीण वाटतं, पण त्यात मीठ नसतं. मिठाची चाचणी वेगळी आहे, आयईसी ६१७०१. तिच्यात कठोरतेच्या पातळ्या असतात, म्हणून 'सॉल्ट मिस्ट पास' एवढ्यावर थांबू नका, कोणत्या पातळीला पास ते विचारा. घराला लागून गोठा असेल तर अमोनियाची आयईसी ६२७१६ सुद्धा बघा. शिवाय प्रमाणपत्र पॅनलच्या ठरावीक घटकांसाठी असतं, कंपनीच्या नावासाठी नसतं. डेटाशीटवरचं मॉडेल, प्रमाणपत्रातलं मॉडेल आणि पॅनलच्या मागच्या लेबलवरचं मॉडेल तिन्ही एक आहेत ना, हे गाडीतून माल उतरतानाच तपासा. खाडीकाठ यांचं तिसरं कोटेशन मी तरी एवढ्यासाठीच बाजूला ठेवलं असतं.

प्राची_ठाणे
ओहोटी ताई, हा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवण्यासारखा आहे. धन्यवाद!

झील
ह्या सगळा खरा, पण माकडांचा काय? आमच्याकडे वेंगुर्ल्याक माडार बसतत आणि थंयसून थेट पॅनेलार उडी. केबल तर अशी ओढतत जशी काय तेंचीच आसा. मिठाच्या चाचणीत पास झालेलो पॅनल माकडाच्या चाचणीत पास जाता काय, ता कोणीतरी सांगा.

माडाखालचा
झील, आमच्याकडे वानर येतात, ते पॅनलवर बसून ऊन खातात. सोलरचा खरा फायदा त्यांनाच.

हापूसवाली
झीलने विषय काढलाच आहे तर नारळाचं पण बोला. आमचं देवगडजवळ बागेतलं घर आहे. पॅनलवर नारळ पडला तर काय? दुकानात सांगतात की गारा पडल्या तरी काच फुटत नाही.

आमचा दुसरा अनुभव मोहोराच्या दिवसांतला. आंब्यावर तुडतुडा आला की त्याचा चिकटा पानांवर पडतो तसा काचेवरही पडतो. त्यावर धूळ बसते, मग काळी बुरशी. नुसत्या पाण्याने ते जात नाही. घरातले पुरुष खराट्याने घासायला निघाले होते, मी अडवलं. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, मऊ कापड, आणि सकाळी ऊन चढायच्या आत. खराटा, काथ्या, घासणी यांतलं काही लावू नका, काचेवरचा लेप जातो. बागेत फवारणी असेल त्या दिवशी पॅनलवर औषध उडणार नाही हेही बघावं लागतं.

ओहोटी
हापूसवाली ताई, गारांच्या चाचणीत २५ मिलिमीटर व्यासाचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगाने मारतात. त्या गोळ्याचं वजन साताठ ग्रॅम. दीड किलोचा नारळ पन्नास फुटांवरून पडला तर त्याचा मार या गोळ्याच्या शंभरपट भरतो. नारळासाठी कुठलाच पॅनल बनवलेला नाही. माड पाडून घेत राहा किंवा पॅनल माडाच्या टप्प्यातून हलवा.

आणि इथे दुहेरी काचेची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्यात पुढची काच बहुतेक २ मिलिमीटरची असते. एकेरी काचेच्या पॅनलमध्ये ती ३.२ मिलिमीटरची. पातळ काच पूर्ण टेम्पर होत नाही, त्यामुळे वरून मार बसायची भीती असेल तर जाड काचेचा, चांगल्या बॅकशीटचा पॅनल काही ठिकाणी जास्त शहाणपणाचा ठरतो. माकडं आणि माड दोन्ही डोक्यावर असतील तर मी तरी हा विचार करीन.

सूर्यफूल
हे मान्य. खाडीकाठ यांच्या स्लॅबवर माड नाही म्हणून माझं मत दुहेरी काचेलाच.

जांभा
सगळे मिठावर बोलताय, वाऱ्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी स्थापत्य अभियंता आहे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते अख्ख्या कोकण किनाऱ्याला समांतर वर सरकलं. पंचवीस वर्षांसाठी वस्तू घेताना अशी वादळं पुन्हा येणार हे धरूनच चालायला हवं.

हिशेब सोपा आहे. वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये दाब मिळतो, तो आला साधारण ११६०. साडेपाचशे वॅटच्या पॅनलचं क्षेत्रफळ अडीच चौरस मीटरच्या थोडं वर. म्हणजे एका पॅनलवर सुमारे तीनशे किलोचा जोर, आणि पॅनलचं स्वतःचं वजन तीस किलोच्या आसपास. कडेच्या पॅनलवर गुणक लावले की आकडा आणखी वाढतो. हा जोर उचलणारा असतो, दाबणारा असता तर काळजी नव्हती. डेटाशीटवर ५४०० पास्कल (म्हणजेच दर चौरस मीटरला न्यूटन) लिहिलेलं असतं ते पुढून दाबण्याचं. मागून उचलण्याचा आकडा बहुधा २४०० असतो, तो वाचा, आणि तोही क्लॅम्प मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी लावले तरच खरा.

आता गच्चीवर खाली कपडे वाळत घालता यावेत म्हणून आठ-दहा फूट उंच स्ट्रक्चर करायची पद्धत पडली आहे. किनाऱ्यावर याला माझा स्पष्ट विरोध आहे. जितकं उंच तितका खालून वारा भरतो, पायाशी ताण वाढतो. दापोलीच्या अक्षांशाला १७-१८ अंशांचा उतार आदर्श, पण १० ते १२ अंशांवर ठेवलंत तर उत्पादनात फरक नगण्य पडतो आणि वारा बराच कमी धरला जातो. १० च्या खाली मात्र नको, पावसाचं पाणी फ्रेमच्या कडेला साचून शेवाळ धरतं.

तारवाला
जांभा साहेब, तांत्रिक बाजू पटली, पण उंच स्ट्रक्चरला सरसकट नाही म्हणता येणार नाही. कोकणात स्लॅब गळतो म्हणून लोक वर शेड घालतातच. मग पॅनल त्या शेडच्या वरच जाणार ना? गिऱ्हाइकाला गच्ची वापरायला हवी असते.

जांभा
शेडवर घालायचं तर आधी शेड तपासा. पत्र्याचं उरलेलं आयुष्य सात-आठ वर्षं आणि वर पंचवीस वर्षांचे पॅनल, असं केलं तर मधेच सगळं उतरवून पत्रे बदलावे लागतात. त्या उतरवण्या-चढवण्याचा खर्च कोटेशनमध्ये कुणी धरत नाही. पत्रा नवा घालून, कैच्यांना क्रॉस ब्रेसिंग (तिरके आधार) देऊन, रेल (पॅनल धरणारी पट्टी) पत्र्याला न धरता थेट पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी सळीला) धरून केलं तर माझी हरकत नाही.

तारवाला
हे मात्र शंभर टक्के. नुसत्या पत्र्याला स्क्रू मारून रेल बसवलेली मी पाहिली आहे.

आज्जीचंघर
आमचं गुहागरचं घर कौलारू आहे आणि वर्षातले बरेच महिने बंद असतं. कौलांवर पॅनल घालू नका असं मी सांगेन. दरवर्षी पावसाआधी शाकारायला माणूस चढतो, तो पॅनलच्या खालची कौलं बघणार कशी? आम्ही विहिरीजवळ मोकळ्या कातळावर जमिनीवरच उभे केले. हाताला येतात, पुसायला शिडी लागत नाही. सावली मात्र नीट बघा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो तेव्हा शेजारच्या आगरातल्या माडाच्या झावळ्यांची सावली थेट पॅनलवर येते, मे महिन्यात बघून जागा ठरवली तर हे कळत नाही.

नवखा७
सबसिडी नक्की किती आहे? गावात प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

सूर्यफूल
पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००. तीन आणि त्यापुढे कितीही घेतलं तरी घरासाठी कमाल ७८,०००. त्यासाठी पॅनल डीसीआर हवेत, म्हणजे सेल आणि पॅनल दोन्ही भारतात बनलेले. विक्रेता राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला हवा आणि पाच वर्षं देखभाल त्याच्याकडे असते. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराचं कोटेशन कुणी पुढे केलं तर नवीन मागा.

कोळंबी
धागा पॅनलचा आहे, तरी एक मुद्दा. साधं ऑनग्रिड सोलर (बॅटरीशिवाय, थेट वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं) लाइन गेली की बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा ज्यांच्याकडे बॅटरी होती त्यांच्या ओटीवर सगळ्या वाडीचे मोबाइल चार्जिंगला. किनाऱ्यावर राहणाऱ्याने निदान हायब्रिड इन्व्हर्टर (लाइन आणि बॅटरी दोन्हीला जोडता येणारा) तरी घ्यावा, बॅटरी नंतर जोडता येते.

सूर्यफूल
कोळंबी, बॅटरीचा खर्च धरला तर परतफेडीचं गणित बरंच लांबतं. शुद्ध बिलापुरतं बघायचं तर ऑनग्रिडच परवडतं.

कोळंबी
माझं गणित बिलाचं नाही. घरात आजारी माणूस असेल किंवा विहिरीचा पंप एवढाच पाण्याचा आधार असेल तर पावसाळ्यात एक रात्रही जड जाते.

नवखा७
पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर विचारतो. जुलैत काही बनतं तरी का?

तारवाला
बनतं. वर्षाची सरासरी धरली तर आपल्याकडे एका किलोवॅटला दिवसाला चारेक युनिट येतात. जुलै-ऑगस्टच्या झडीत ते दोनच्या खाली जाऊ शकतं, मार्च-एप्रिलला पाचपर्यंत. नेट मीटरमध्ये (लाइनला दिलेले आणि घेतलेले युनिट मोजणाऱ्या) उन्हाळ्याचे जास्तीचे युनिट जमा राहतात, पण हिशेब ३१ मार्चला मिटतो. शिल्लक राहिलेल्या युनिटना नंतर दर कमी मिळतो, म्हणून वापर बघूनच किलोवॅट ठरवा, उगाच मोठं घेऊ नका.

झील
आणि माकडांचा?

तारवाला
झील, विसरलो नाही! केबल उघडी ठेवायची नाही, सगळी पाइपातून घ्यायची आणि पॅनलच्या मागे फ्रेमला आवळून बांधायची. लोंबती केबल दिसली की माकड ओढणारच. पॅनलच्या चारी कडांना जाळी लावतात, तिने खालून शिरणं थांबतं, पण जाळी साधी लोखंडी नको, तिचा गंज काचेवर ओघळतो. उडीवर मात्र एकच इलाज, जवळच्या फांद्या तोडणं.

माडाखालचा
आमच्या बागेत तर हल्ली केळी, पेरू काही म्हणजे काही ठेवत नाहीत. लोकांनी भाजी लावायचं सोडलं. यावर वेगळा धागा काढायला हवा.

हापूसवाली
काढाच. माझ्याकडे लिहिण्यासारखं खूप आहे.

संपादक
माकडांसाठी वेगळा धागा उघडला आहे, 'शेतीवाडी' विभागात. इथे सोलरवर राहू या.

खाडीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढी माहिती तीन विक्रेत्यांकडून मिळून मिळाली नव्हती.

ओहोटी ताईंनी सांगितल्याप्रमाणे दोघांकडे सॉल्ट मिस्टची पातळी विचारली. पर्कवाल्याने "सगळे पॅनल सारखेच असतात" असं सांगितलं. टॉपकॉनवाल्याने दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र पाठवलं, त्यावर पातळी ६ आहे आणि मॉडेल डेटाशीटशी जुळतं. त्याच्याकडेच कंपनीचं इन्स्टॉलेशन मॅन्युअल मागून वाचलं तेव्हा एक गोष्ट सापडली. समुद्रापासून ठरावीक अंतराच्या आत बसवायचं असेल तर कंपनीची पूर्वपरवानगी लागते, नाहीतर गंजाची वॉरंटी लागू नाही. आमचं घर त्या अंतराच्या अगदी सीमेवर येतं. आता काय करावं?

ओहोटी
ही अट बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये असते आणि गिऱ्हाईक ती क्वचित वाचतं. घराचं लोकेशन, किनाऱ्यापासूनचं अंतर आणि पॅनलचं मॉडेल लिहून कंपनीला थेट ईमेल करा. विक्रेत्याचा व्हॉट्सअॅप निरोप पुरेसा नाही. कंपनीचं लेखी उत्तर आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका, आणि ते उत्तर बिलासोबत जपून ठेवा.

प्राची_ठाणे
हे कधीच सुचलं नसतं. आमचं घर तर याहून जवळ आहे.

जांभा
खाडीकाठ, पाया कसा करणार? स्लॅबला भोकं पाडून अँकर मारणार असतील तर थांबवा. स्लॅबवर काँक्रीटचे पेडेस्टल (ठोकळे), त्यात गॅल्व्हनाइज्ड बोल्ट आधीच धरलेले, आणि पेडेस्टलच्या मुळाशी वॉटरप्रूफिंगची गोलाई. बेसप्लेटच्या खाली पाणी थांबता कामा नये. स्ट्रक्चर बहुतेक वेळा तिथूनच गंजायला सुरुवात होते.

खाडीकाठ
भोकंच पाडणार होते. पेडेस्टल लिहून घेतो. अर्थिंगचं पण सांगा, आमच्याकडे फूटभर खणलं की कातळ लागतो.

तारवाला
कातळ असेल तर नेहमीचा रॉड ठोकून उपयोग नाही, उन्हाळ्यात रेझिस्टन्स वर जातो. ड्रिलने खोल भोक मारून केमिकल अर्थिंग (भोवती ओल धरणारी पावडर भरून) करा, किंवा आगराच्या बाजूला, विहिरीजवळ जिथे माती ओली राहते तिथपर्यंत पट्टी न्या. वीजरोधक (आभाळातली वीज जमिनीत नेणारा), डीसी आणि एसी यांचे अर्थिंगचे तीन वेगळे पिट (खड्डे) हवेत. काम झाल्यावर तुमच्यासमोर मीटर लावून आकडा दाखवायला सांगा, तोही शक्यतो मे महिन्यात पुन्हा एकदा. मृगाआधीच्या आणि दिवाळीच्या आसपासच्या गडगडाटात इन्व्हर्टर जातात ते बहुतेक अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्शन (अचानक वाढलेल्या दाबापासून संरक्षण) कच्चं असल्यामुळे.

इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीवर उघड्यावर लावू देऊ नका. आतल्या पडवीत, हवा खेळती राहील अशा जागी. पंखा नसलेला मिळाला तर तो घ्या, पंखा असेल तर तो खारी हवा आत ओढत राहतो.

आज्जीचंघर
तारवाला, धुण्याचं वेळापत्रक काय ठेवावं? आमचं घर बंद असतं तेव्हा कुणालातरी सांगून ठेवावं लागेल.

तारवाला
पावसाळ्यात पाऊसच धुतो. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत मीठ साचतं, तेव्हा पंधरवड्यातून एकदा गोड्या पाण्याने. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका, वाळलं की काचेवर पांढरे डाग धरतं. काच धुताना फ्रेमची खालची कड, क्लॅम्प आणि बोल्ट यांवरही पाणी मारा, मीठ तिथेच जास्त बसतं. फ्रेमला खालून पाणी जाण्याची छोटी भोकं असतात, ती काडीने मोकळी ठेवा, कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते. जो माणूस येईल त्याला पॅनलवर पाय द्यायचा नाही एवढं बजावून सांगा. वरून काही दिसत नाही, पण आत सेलला बारीक तडे जातात.

खाडीकाठ
कंपनीचं ईमेलला उत्तर आलं. अंतर चालेल असं लिहून दिलं आहे, मात्र अट घातली आहे की बोल्ट ३१६ चे हवेत आणि वर्षातून एकदा तपासणीची नोंद ठेवायची. विक्रेत्याने बोल्टचे वाढीव पैसे मागितले, ते देतोय. स्ट्रक्चर हॉट डिप, पेडेस्टल, उतार १२ अंश, आणि गच्चीपासून उंची कमरेएवढीच. पर्कपेक्षा एकूण खर्च बराच जास्त होतोय, पण घरच्यांना सगळा धागा वाचून दाखवला आणि कुणीही हरकत घेतली नाही.

तारवाला, तपासणीची नोंद म्हणजे नेमकं काय लिहायचं?

तारवाला
साधी वही पुरे. दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत. तारीख, अर्थिंगचा आकडा, प्रत्येक क्लॅम्पचा आणि कनेक्टरचा फोटो, बोल्ट टॉर्क रेंचने (मोजून तेवढ्याच जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळल्याची नोंद आणि त्या महिन्याचे युनिट. टॉर्कचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो, अंदाजाने पान्याने पिळू नका, जास्त आवळलं तर काच तडकते. स्टेनलेसचे नटबोल्ट आवळण्याआधी आट्यांना अँटीसीझ (आटे धरू न देणारं वंगण) लावायला सांगा, नाहीतर पुढे ते जागच्या जागी धरतात आणि कापूनच काढावे लागतात. फोटोंची एक प्रत कंपनीला ईमेल करून ठेवा.

प्राची_ठाणे
खाडीकाठ, कंपनीला पाठवलेल्या ईमेलचा मजकूर इथे टाकाल का? श्रीवर्धनसाठी तसाच पाठवते.

खाडीकाठ
हो, संध्याकाळी टाकतो. घराचा पत्ता तेवढा काढून.